केसाचे टोक आणि गालाचा निवाडा

बॅजरच्या केसांचा दाढीचा ब्रश उजेडात धरला की त्याचे तीन रंग दिसतात. मुठीजवळ पांढरट, मध्ये काळा पट्टा आणि टोकाला पुन्हा पांढरे. हे रंग बहुतेक वेळा कारखान्यात दिलेले नसतात. बिळात राहणाऱ्या, पाणमांजराच्या कुळातल्या या प्राण्याच्या अंगावर केस असाच उगवतो. केस मुळाकडून वर ढकलला जातो, म्हणजे त्याचे टोक सर्वांत जुने. ते रंगाविना बाहेर येते. मग मुळाशी मेलॅनिनचा पुरवठा सुरू होतो आणि काळा पट्टा तयार होतो. पुरवठा थांबला की पुढचा केस पुन्हा फिका. काही सेंटिमीटरांच्या एका केसात त्याच्या वाढीचा सगळा क्रम टिकून असतो.

दाढीच्या ब्रशांसाठी लागणारे हे केस बहुतांशी चीनमधून येतात. ब्रिटनमध्ये बॅजर आहेत, पण 1992 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यामुळे अस्सल इंग्रजी म्हणून मिरवणाऱ्या ब्रशातला केसही बाहेरूनच आलेला असतो. एकाच प्राण्याच्या अंगावर जाड-बारीक, गडद-फिके असे नाना तऱ्हेचे केस असतात. ते वेगळे करायचे, जुळवायचे आणि प्रतवारी लावायची, यावरच ब्रशाची किंमत ठरते.

सर्वांत खालची प्रत ‘प्युअर’. केस गडद, जाडसर आणि मुबलक. तिच्या वर ‘बेस्ट’: अधिक बारीक, पट्टा जास्त उठून दिसणारा. मग ‘सुपर’, आणि अनेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत वर ‘सिल्व्हरटिप’, म्हणजे लांब, बारीक, नैसर्गिकपणे पांढऱ्या टोकाचे केस. असे केस अंगाच्या थोड्याच भागावर मिळतात. याखेरीज ‘टू-बँड’ नावाचा प्रकार आहे. त्यात काळा भाग थेट मुठीत उतरतो, म्हणून दोनच रंग दिसतात, आणि ब्रश सहसा जास्त ताठ लागतो.

गंमत अशी, की ही नावे कोणत्याही प्रमाणसंस्थेने ठरवलेली नाहीत. एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’शी बरोबरी करू शकतो. 1919 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या सिम्पसन कंपनीकडे ‘बेस्ट’च्या वर ‘सुपर’ असतो. सर्वोत्तमाच्याही वर काहीतरी आहे, हे गिऱ्हाइकाला तिथेच कळते.

तरीही प्रतींमधला फरक गालाला लगेच जाणवतो, आणि त्यामागे पदार्थविज्ञानाचा एक थक्क करणारा नियम आहे. गोल तंतूचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. जाडी निम्मी झाली, तर वाकण्याला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारा जाडीतला फरक त्वचेला खराटा आणि केरसुणी यांच्यातल्या फरकाएवढा वाटतो. बॅजरचा केस तर एकाच जाडीचा नसतोच. मधल्या भागात तो भरदार असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. त्यामुळे एकाच केसात दोन गुण नांदतात: मधला भाग ब्रशाला ताठ उभे ठेवतो आणि टोक गालावर अलगद वाकते.

म्हणून चांगल्या ब्रशाच्या टोकांना कात्री लावत नाहीत. कारागीर केसांचा जुडगा साच्यात टोके खाली करून सोडतो. साच्याचा तळ खोलगट असल्याने टोके आपोआप घुमटाचा आकार घेतात. मग मुळे बांधून डिंकाने पक्की करायची आणि जे काही छाटायचे ते मुळाकडूनच. स्वस्त ब्रशाला आकार देण्यासाठी टोके कापली, की प्रत्येक केसाचा तो निमुळता शेवट जातो आणि उरते बोथट खुंट. ते टोचते.

पाणी धरण्याचे कामही असेच चालते. केस स्वतः थोडे पाणी शोषतो, पण बरेचसे पाणी केसांमधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने अडकून राहते. बारीक केस दाट बांधले, की फटी वाढतात. साबण, पाणी आणि हवा यांची सांगड घालून फेस करायचा तर हा साठा हवाच.

नकलाकारांनी मात्र आधी रंग उचलला. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांना रंग देऊन बॅजरसारखे दिसणारे ब्रश विकले गेले. त्यातले काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांच्यावरचे अँथ्रॅक्सचे, म्हणजे काळपुळीचे जंतू वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमांतून शरीरात गेले. ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक व नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना लागण झाली.

आजच्या नकलेने मर्म ओळखले आहे. 2018 मध्ये पेटा आशियाने चीनमधल्या बॅजरपालनातल्या क्रूरतेची चित्रणे समोर आणली आणि काही विक्रेत्यांनी हे केस वापरणे सोडले. आपल्याकडेही वन्यजीव कायद्यामुळे मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश विकणे गुन्हा आहे. अशा वेळी पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरच्या तंतूंची टोके तीव्र अल्कलीत झिजवून निमुळती करता येतात. प्राण्याच्या अंगावर आपसूक घडणारे काम रसायन करते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी वर काळा पट्टाही रंगवतात, फेसाला त्याचा काडीचा उपयोग नसला तरी.

जर्मनीची म्यूले कंपनी असा कृत्रिम ब्रश ‘सिल्व्हरटिप फायबर’ या नावाने विकते. त्यात बॅजरचा एकही केस नसतो, तरी प्रतीचे नाव बॅजरचेच. हे नाव खोटे म्हणवत नाही, कारण गालाला प्राणी कळत नाही. त्याला कळते ते फक्त न कापलेले, निमुळते टोक, आणि प्रतवारी करणारे हात इतकी वर्षे तेच तर निवडत आले आहेत.