०.४ मिलिमीटरचा कारभार

नाशिकच्या त्र्यंबक रोडवर एक चौक आहे, मायको सर्कल. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली, जर्मनीच्या बॉशशी नाते असलेली. २००८ मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतले. चौकाने घेतले नाही. कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यात गेली पाच दशके इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. ही सगळी डिझेल इंजिनाची सामग्री, आणि डिझेल इंजिनाला ठिणगीची गरजच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेटते. जवळच महिंद्राचा कारखाना. तिथून बाहेर पडलेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओही बहुतेक डिझेलच्याच.

अशा डिझेलच्या गावात जुन्या पेट्रोल गाड्या जपणारेही आहेत. कुणाच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी असते, कुणाकडे ॲम्बेसेडर, कुणाकडे पहिल्या पिढीची मारुती ८००. देवळालीच्या तोफखान्यामुळे लष्करी जीप आणि जोंगा नाशिककरांच्या नजरेत बसलेल्या, त्यामुळे लिलावातून सुटलेली एखादी जोंगा घरी आणण्याची हौसही इथे नवी नाही. या सगळ्या गाड्यांचे मालक गॅरेजात भेटले की बोलणे कधी ना कधी एकाच प्रश्नावर येते: पॉइंट ठेवायचे, की काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचे?

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत बसलेला एक छोटा स्विच. टंगस्टनची दोन टोके, एक स्थिर आणि एक स्प्रिंगवर हलणारे. मधून फिरणाऱ्या शाफ्टवर चार उंचवट्यांचा कॅम असतो. मारुती ८०० तीन सिलिंडरची, म्हणून तिथे तीन, आणि सहा सिलिंडरच्या जोंगात सहा. उंचवटा समोर आला की टोके उघडतात, पुढे सरकला की मिटतात. उघडझाप होते ती जेमतेम ०.४ मिलिमीटरची.

टोके मिटलेली असताना बॅटरीचा तीन-चार अँपिअरचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. टोके उघडली की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे धाडतो. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट जुळताना नव्हे, सुटताना. सुटताना टोकांमध्येच ठिणगी उडून जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर बसवलेला असतो, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा.

ही कल्पना अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगची. दुकानातले गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवणाऱ्या या माणसाने डेल्को कंपनी काढली आणि १९१० च्या कॅडिलॅकवर बॅटरी, कॉइल, पॉइंट ही जुळणी आली. दोन वर्षांनी त्याच कॅडिलॅकला त्याने सेल्फ स्टार्टरही दिला. पुढची साठेक वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी केटरिंगच्याच पद्धतीवर धावल्या.

पद्धत साधी, पण तिच्यावरचा भार मोजून पाहण्यासारखा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, सेकंदाला शंभर. मुंबई-नाशिक हे सुमारे १७० किलोमीटरचे अंतर याच गतीने तीन तासांत कापले, तर पॉइंट दहा लाखांहून जास्त वेळा उघडतात आणि मिटतात. तेही उष्णतेत, तेलाच्या वाफेत, आणि पावसाळ्यात कसारा घाटातल्या दमट ढगांमधून.

झीज दोन बाजूंनी होते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडते. गाडी चढावर दम सोडते आणि इंजिन तापते. दुसरीकडे टोकांवरचा धातू जळून एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ तयार होते. मग गॅप मोजणाऱ्या फीलर गेजची पाती टेंगळावर अडते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. डिस्ट्रिब्युटरचा बुश खिळखिळा झाला असेल तर शाफ्ट डुलतो आणि चार सिलिंडरना चार वेगवेगळे गॅप मिळतात. ‘गाडी मिसिंग करते’ या एका तक्रारीमागे यातले काहीही असू शकते.

त्यामुळे काही हजार किलोमीटरवर पॉइंट पाहणे हा जुन्या गाडीचा नेमच होता. मिस्त्री कॅप काढत, पॉलिश पेपरने टोके घासत, गॅप लावत, कॅमला ग्रीसचे बोट लावत. मग डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून चालू इंजिनावर तो किंचित इकडे-तिकडे फिरवत आणि आवाजावरून टायमिंग ठरवत. हातात कसब असलेल्यांना त्यासाठी दिवा लागत नसे. वाटेत गेज नसले तर जाड कागदाची घडी घालूनही गॅप लावला जाई आणि गाडी घरी येई.

पाश्चात्त्य कारखान्यांनी हा स्विच सत्तरच्या दशकातच काढून टाकायला सुरुवात केली. क्रायस्लरने १९७३ च्या आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. जनरल मोटर्सने १९७५ मध्ये तेच केले. कारण प्रदूषणाचे नियम होते: चुकलेली प्रत्येक ठिणगी म्हणजे न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर. भारतात बाजार बंदिस्त होता. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून जवळपास शतक संपेपर्यंत निघत राहिली. ॲम्बेसेडर तर २०१४ पर्यंत बनत होती. ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द घराघरात पोहोचला तो बजाजच्या स्कूटरवरच्या पाटीवरून. सकाळी किका मारून दमलेल्या माणसाला त्या पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आज जुन्या गाडीसाठी मिळणारा किट हाताच्या तळव्यावर मावतो. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्याच प्लेटवर एक छोटे मॉड्यूल बसवायचे आणि कॅमवर चुंबक असलेली कडी. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलमधल्या संवेदकात सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते. हा परिणाम एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधला होता, मोटार रस्त्यावर येण्याच्याही आधी. त्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. काही किटमध्ये चुंबकाऐवजी प्रकाशकिरण अडवणारी चकती असते. दोन्हींत काही घासत नाही, म्हणून गॅप लावायचा प्रश्नच मिटतो.

बाकी सगळे जुनेच राहते. कॅप, रोटर, प्लगच्या वायरी आणि गती वाढली की टायमिंग पुढे नेणारी आतली वजने व स्प्रिंगही. किट घालणारा गिऱ्हाईक फसतो तो इथेच. स्प्रिंग ढिल्या आणि वजने गंजलेली असतील, व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला असेल, तर ठिणगी कितीही नेमकी असली तरी ती चुकीच्या वेळी नेमकी पडते. जाणकार मिस्त्री आधी पूर्ण डिस्ट्रिब्युटर टेबलावर उघडतो आणि मगच किटचे खोके फोडतो. मॉड्यूल बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आधीची साफसफाई मात्र दिवस खाते.

पुढचा प्रश्न कॉइलचा. बहुतेक साध्या मॉड्यूलना चार सिलिंडरच्या गाडीवर सुमारे तीन ओमची कॉइल चालते. बारा व्होल्टला तीनने भागले की चार अँपिअर; तेवढे ते सोसतात. पण काही गाड्यांवर दीड ओमची कॉइल आणि सोबत वेगळा बॅलास्ट रेझिस्टर असतो. तो रेझिस्टर काढून टाकला की प्रवाह दुप्पट होतो आणि मॉड्यूल जळते. मल्टिमीटर लावून कॉइल मोजणे हे दोन मिनिटांचे काम, पण ते टाळले जाते.

ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. निगेटिव्ह अर्थचा, म्हणजे ऋण टोक बॉडीला असलेल्या गाडीसाठीचा किट तिथे उलटा जोडला की तो क्षणात संपतो. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडणे हेही घातक. रेडिओ ऐकत बसण्याची सवय असलेल्यांनी तेवढे लक्षात ठेवायचे. प्लगच्या साध्या तांब्याच्या वायरी विद्युतगोंगाट फार करतात, त्याने मॉड्यूल गोंधळते, म्हणून रोधक वायरी घालाव्या लागतात. आणि बॅटरी. निफाडच्या बाजूला थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा अशक्त बॅटरी सेल्फ फिरवतानाच कोसळते. पॉइंट अशा वेळी मरतुकडी का होईना ठिणगी देतात. मॉड्यूल ठरावीक व्होल्टेजखाली गप्प बसते. धक्का मारून गाडी चालू करण्याची जुनी खात्री किट घातल्यावर तेवढी राहत नाही.

किट मिळण्याच्या बाबतीत ॲम्बेसेडर नशीबवान. तिचे जुने १,४८९ सीसीचे इंजिन ब्रिटनच्या बी-सिरीज घराण्यातले, एमजीबी या स्पोर्ट्स कारचे चुलत भावंड, आणि तिथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला बसणारे तयार किट अनेक वर्षे बनत आले आहेत. लुकास-टीव्हीएसने १९६१ पासून मद्रासच्या पाडीत त्याच कुळातले भाग बनवले. तरीही मॉडेल क्रमांक डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून वाचल्याशिवाय मागणी नोंदवू नये, कारण एकाच मेकच्या गाडीवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे डिस्ट्रिब्युटर आले. पद्मिनीला शोध जास्त घ्यावा लागतो. कुणी आधुनिक गाडीचा पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर लेथवर जुळवून बसवतो. तेव्हा शाफ्टची लांबी, दात आणि ॲडव्हान्सचा (टायमिंग पुढे नेण्याचा) आलेख, तिन्ही जुळवावे लागतात, आणि आलेख सहसा विसरला जातो.

फायदा नेमका किती? नीट लावलेल्या नव्या पॉइंटच्या तुलनेत किटने ताकद लक्षणीय वाढत नाही. फरक जाणवतो तो पाच-सात हजार किलोमीटरनंतर, जेव्हा पॉइंट ढळलेले असतात आणि मॉड्यूल पहिल्या दिवशीइतकेच नेमके असते. थंड इंजिन लवकर घेते, आयडलिंग स्थिर राहते. पीयूसीच्या टेबलावरही ते दिसते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमची मर्यादा आहे, आणि मिसिंग करणारी गाडी हायड्रोकार्बनमध्येच नापास होते. सीएनजी भरणाऱ्या जुन्या गाड्यांना फायदा अधिक, कारण त्या वायूत ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागते.

विरोध करणाऱ्यांचाही मुद्दा पोकळ नाही. पॉइंट बिघडतात ते सांगून, हळूहळू. मॉड्यूल जाते तेव्हा एका झटक्यात जाते, आणि इगतपुरीच्या पुढे घाटात उभ्या गाडीचे मॉड्यूल पॉलिश पेपरने दुरुस्त होत नाही. म्हणून लांब जाणारे लोक पॉइंट, कंडेन्सर लावलेली जुनी प्लेट गॅप लावून डिकीत ठेवतात. पाच-दहा मिनिटांत अदलाबदल होते. मात्र ती प्लेट जुन्या मालाची असावी लागते. हल्ली मिळणाऱ्या सुट्या कंडेन्सरची प्रत इतकी बेभरवशाची झाली आहे की अनेकांनी किट घेतले ते पॉइंटला नव्हे, कंडेन्सरला कंटाळून.

कायद्याच्या बाजूनेही अदलाबदलीची ही सोय कामाची आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. झाकणाखाली बसणारे, दोन स्क्रूंनी निघणारे मॉड्यूल मूळ यंत्राला भोक पाडत नाही, त्यामुळे नोंदणीच्या वेळी जुनी प्लेट परत बसवणे शक्य असते. ती बसवून देणारा हात मिळेल का, ही अडचण वेगळी. सातपूरच्या आयटीआयमधून आज बाहेर पडणारा मुलगा इंजेक्शन गाडीवर स्कॅनर लावून दोष शोधतो, आणि फीलर गेज घेऊन पॉइंटला बसणारे मिस्त्री आता निवृत्तीच्या वयात आहेत.