काटा उभा, इंजिन आडवं

कोल्हापूर-सांगली रस्त्याला हातकणंगल्यात इचलकरंजीचा फाटा फुटतो. या फाट्यावर वडापच्या जिपांचं राज्य होतं, तो काळ काही फार जुना नाही. मागावर पाळीला निघालेले कामगार, वडगावच्या बाजाराला निघालेला शेतकरी, मिरजेच्या गाडीतून उतरलेलं एखादं बोचकी सांभाळणारं कुटुंब, सगळे एकाच जिपेत. मागे लोंबकळणारे वेगळेच. त्या जिपेत हॉर्न चालेल, डिझेलचा काटा हलेल, याची खात्री कुणीच देत नसे. एक काटा मात्र ड्रायव्हर अधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायचा. ऑईल प्रेशरचा.

वडाप ओसरलं. जिपा शेतावर गेल्या, नाहीतर हौशी पोरांच्या हाती लागल्या. त्यांतल्या कितीतरी जिपांच्या पोटात जन्माचं इंजिन राहिलेलं नाही. महिंद्रने १९४७ पासून इथे विलीज जिपा जोडायला घेतल्या, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांत पेट्रोलचं इंजिन असे. जीप कणखर, पण तहान मोठी. मग मालकांनी पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि डिझेलचं बसवायचं ठरवलं. कधी ट्रॅक्टरच्या वंशातलं, कधी महिंद्रने परवान्यावर बनवलेलं २११२ सीसीचं प्यूजो, कधी जुन्या बाजारात मिळेल ते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे अशा बदलाची नोंद गाडीच्या पुस्तकात व्हावी लागते. ती किती जणांनी केली, हे विचारण्यात अर्थ नाही.

हातकणंगले तालुक्याला लोखंडाचं नवल नाही. पुलाच्या शिरोलीत वाळूच्या साच्यात बीड ओतलं जातं. पंचगंगेच्या काठावर ऑईल इंजिनांनी पाणी उपसून ऊस वाढवला. त्या जुन्या मंदगती इंजिनांपैकी कित्येकांत कनेक्टिंग रॉडला एक पळी असायची, ती चेंबरमधलं ऑईल उडवायची आणि बेरिंगांना भिजवायची. त्या इंजिनांना ऑईलचा काटा लागतच नव्हता. गाडीच्या इंजिनाला लागतो, कारण तिथे पंप ऑईलला बारीक वाटांतून ढकलत क्रँकपर्यंत नेतो. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑईलचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यावर सगळं इंजिन तरंगतं. तो फाटला की लोखंड लोखंडाला भिडतं.

फाट्याजवळच्या एका गॅरेजात मी अशीच एक इंजिन-बदली जीप पाहिली. डिझेल इंजिन जुन्या बाजारातून आणलेलं, फाउंडेशन नवं करून बसवलेलं, रंग ताजा. मालकांनी चावी फिरवली, काटा शून्यावर. स्टार्टर मारला, इंजिन धडधडलं आणि काटा सरळ टोकाला जाऊन उभा राहिला.

“लै भारी प्रेशर हाय,” मालक म्हणाले.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायला लावलं. मध्येच रेस दिली, परत स्लोवर आणलं. काटा केसभरही हलला नाही.

“मालक, ऑईल तापलं का न्हाई?”

“तापलं की.”

“मग काट्याला कसं कळंना?”

या प्रश्नात निम्मी विद्या आली. थंड ऑईल काकवीसारखं दाट, म्हणून सकाळी दाब चढा. तापल्यावर ते पातळ होतं, बेरिंगांच्या फटींतून लवकर निसटतं आणि दाब उतरतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो, दाब चढतो. ढोबळ हिशेब असा सांगतात, की दर हजार फेऱ्यांना १० पौंड, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाऊण किलोच्या आसपास, दाब असावा. खरा काटा दिवसभर असा वरखाली होत असतो. सगळे घाबरतात ते झोपलेल्या काट्याला. मला ताठ उभ्या काट्याचा जास्त संशय येतो, आणि हे मी त्या गॅरेजात शिकलो.

काट्याच्या जाती दोन. एक ऑईल पिणारा, दुसरा वीज पिणारा. पहिल्याची गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. युजीन बूर्दाँ या कारागिराने १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चपट्या केलेल्या, वाकवलेल्या नळीत दाब भरला की ती सरळ होऊ बघते, एवढीच त्यातली करामत. जत्रेतली ती फुंकर मारली की उलगडणारी पिपाणी आठवा. नळीच्या टोकाला दात्यांची जोडणी, दात्यांना काटा. इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत काडीएवढा तांब्याचा पाईप येतो आणि खरंखुरं ऑईल काट्याच्या पाठीपर्यंत पोचतं. जुन्या लष्करी जिपांत हाच काटा असे. पाईप तुटला तर ड्रायव्हरच्या पॅन्टीवर गरम ऑईल उडतं, हा एक दोष. खोटं मात्र तो सहसा बोलत नाही.

दुसऱ्या जातीत इंजिनला एक सेन्सर बसतो. दाबाप्रमाणे त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला काटा हलतो. सोयीचं आहे, स्वस्त आहे, पण इथेच इंजिन बदलताना घोळ होतो. व्हीडीओ या कंपनीच्या पद्धतीच्या सेन्सरचा विरोध दाब नसताना १० ओहम असतो, पूर्ण दाबाला १८०च्या आसपास जातो. अमेरिकी पद्धतीत उलटं, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकीचा सेन्सर दुसरीच्या मीटरला जोडला, की दाब वाढेल तसा काटा खाली येणार. पद्धत तीच, पण सेन्सर ५ बारचा आणि मीटर १० बारचं असेल, तर काटा दुप्पट दाखवणार. तार तुटली तर अमेरिकी मीटर शून्याखाली बसतं. व्हीडीओचं मीटर मात्र तुटलेल्या तारेवरही भरपूर दाब दाखवत राहतं.

मालकांच्या जिपेत याहून साधी गोष्ट होती. या इंजिनला सेन्सर नव्हताच. त्याच्या जुन्या गाडीत ऑईलचा नुसता लाल दिवा होता, म्हणून इंजिनवर होता तो दिव्याचा स्विच. दाब नसला की स्विच तारेला अर्थ देतो, म्हणजे इंजिनच्या लोखंडाला जोडतो, आणि दिवा लागतो. थोडा दाब आला की तो सुटतो. वायरमनने मीटरची तार त्या स्विचलाच खोचली होती. इंजिन बंद, अर्थ मिळाला, काटा शून्यावर. इंजिन चालू, अर्थ सुटला, काटा टोकाला. बघणाऱ्याला शंका येणार तरी कशी? काही सेन्सरांना दोन कान असतात, ‘जी’ मीटरसाठी आणि ‘डब्ल्यूके’ दिव्यासाठी. तिथे तार चुकीच्या कानाला लागली, तरी हेच घडतं.

मिस्त्रींची तपासणी बघण्यासारखी होती. चावी चालू, तार सुटी केली, काटा एका टोकाला. तार क्षणभर बॉडीला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला. म्हणजे मीटर जिवंत, तारही धड. मग अर्थिंग. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे बॉडीला जोडणारी जाड पट्टी विसरली, तर सगळेच काटे भुतासारखे वागतात. नंतर सेन्सरच्या आट्या. सेन्सरला अर्थ मिळतो तो या आट्यांतून, आणि गळती नको म्हणून कुणी त्यावर टेफ्लॉन टेपचा फेटा बांधला, तर तो अर्थही अडतो. आट्याही सारख्या नसतात. एक अष्टमांशाच्या अमेरिकी आटीत इंचाला २७ दाते, ब्रिटिश आटीत २८. दोन-तीन फेरे गोडीने बसतात, पुढे जबरदस्ती केली की ब्लॉकचं भोक जातं. पान्याला जोर लावावा लागला, की मिस्त्री थांबतात.

शेवटी स्विच काढून त्या भोकात बूर्दाँ जातीचा, कारखान्यात पंपावर असतो तसा, साधा काटा बसवला. इंजिन सुरू झालं. थंड असताना चार किलो. मालकांचा चेहरा फुलला. ऑईल तापत गेलं तसे तीन, दोन, आणि स्लोवर अर्ध्या किलोवर येऊन काटा थरथरायला लागला. ऑईल नवं होतं, योग्य घट्टपणाचं होतं. चेंबर उतरवला. जाळीत गाळ नव्हता, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ठीक होती. मग खालच्या बेरिंगांच्या पाळ्या हातात आल्या. वरचा करडा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं.

मिस्त्रींनी पाळी उजेडात धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मालकांच्या हातात दिली. मालक बराच वेळ ती उलटीपालटी करत बसले. मग डॅशबोर्डकडे बघून म्हणाले, “पयलाच काटा बरा हुता की वो, मिस्त्री.”