खडकवासला ते दिल्ली : एका सोहळा-संयोजकाची वाटचाल

पुण्यानजीक खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा दीक्षान्त संचलन होते. शेकडो छात्र एका हुकुमासरशी पाऊल उचलतात. पाहुण्यांना दिसते ती थोड्या वेळाची शिस्त. तिच्यामागील तालीम त्यांना दिसत नाही. हुकूम कोणी द्यावयाचा आणि चुकल्यास जाब कोणास विचारावयाचा, याविषयी तेथे संदेह नसतो.

१९६० साली या प्रबोधिनीत दाखल झालेले सुरेश कलमाडी पुढे अशाच मोठ्या सोहळ्यांचे संयोजक म्हणून ओळखले गेले. त्यांचा जन्म १ मे १९४४ चा. १९६४ ते १९७२ या काळात ते हवाई दलात वैमानिक होते. १९६५ व १९७१ ची युद्धे याच काळातील. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी खडकवासल्यासच प्रशिक्षक म्हणून काढली. १९७४ मध्ये सेवा सोडल्यावर पुण्यात उपाहारगृहाचा व्यवसाय, मग राजकारण आणि १९८२ मध्ये राज्यसभा. त्यांच्या राजकीय कारकिर्दीचा तपशील येथे अप्रस्तुत होय.

१९८३ साली त्यांच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. वरकरणी ही केवळ धावण्याची शर्यत. परंतु तिचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि तो मार्ग सायकलच्या चाकाला बसविलेल्या गणकाने मोजावा लागतो. मार्ग थोडाही कमी भरला तर विक्रम मान्य होत नाही. म्हणून मोजणीत दर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरण्याचा प्रघात आहे. भर शहरातले रस्ते काही तास बंद ठेवावयाचे, ठरावीक अंतरावर पाण्याची सोय करावयाची, रुग्णवाहिकेस मात्र वाट मोकळी ठेवावयाची, आणि हे सारे पोलीस, महानगरपालिका, डॉक्टर व स्वयंसेवक यांच्याकडून एकाच सकाळी करून घ्यावयाचे. गावची जत्रा पार पाडणाऱ्या पंचांना यातील अडचणी निराळ्या समजावून सांगण्याची गरज नाही. मोठे शहर एका शर्यतीसाठी थांबविता येते, हे पुण्यात सिद्ध झाले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

गणेशोत्सवाच्या दिवसांत संगीत, नृत्य व क्रीडा यांना एकत्र आणणारा ‘पुणे फेस्टिव्हल’ १९८९ पासून भरू लागला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी येथे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. तेथेच ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देशांचे खेळाडू त्यांत उतरले. १९९६ पासून कलमाडी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते.

दिल्लीचे प्रकरण मात्र वेगळे ठरले. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचा मान दिल्लीस नोव्हेंबर २००३ मध्येच मिळाला होता, म्हणजे तयारीस जवळजवळ सात वर्षे होती. तरीही कामे अखेरच्या दिवसांपर्यंत रेंगाळली. ३ ते १४ ऑक्टोबर या काळात स्पर्धा पार पडल्या आणि भारताने १०१ पदके मिळविली. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो खर्चाचा आणि कंत्राटांचा वाद. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ मधील अहवालात संयोजन समितीच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. अधिकार व उत्तरदायित्व यांचे एकच निश्चित स्थान नव्हते, अनेक संस्था आपापल्या परीने काम करीत होत्या, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही कार्यालयाने मुळातून वाचावे असे आहे. खडकवासल्याच्या संचलन-मैदानावर जी गोष्ट गृहीत धरली जाते, तीच येथे नव्हती.

स्पर्धेतील वेळ व गुण नोंदविण्याच्या यंत्रणेच्या कंत्राटावरून २५ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय अन्वेषण विभागाने कलमाडी यांना अटक केली. आरोप त्यांनी नाकारले. जानेवारी २०१२ मध्ये त्यांना जामीन मिळाला. अन्य दोन कंत्राटांसंबंधीच्या आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात पुरावा न मिळाल्याने अंमलबजावणी संचालनालयाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि दिल्लीच्या न्यायालयाने तो एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. एवढी वर्षे लोटल्यावर या बातमीस अटकेच्या बातमीइतकी जागा मिळण्याचा संभव नव्हता.

बालेवाडीचे संकुल स्पर्धांनंतर ओस पडले नाही, हेही नोंदविले पाहिजे. २०१८ ते २०२३ या काळात, एका वर्षाचा अपवाद वगळता, पुरुषांची आंतरराष्ट्रीय ‘महाराष्ट्र ओपन’ टेनिस स्पर्धा तेथेच खेळली गेली.