भासाची नाटके आणि जैन आचार्यांची साक्ष

बारामती किंवा इंदापूरच्या पेठेत ज्या घराने आडतीचा धंदा केला आहे, त्या घराला नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माल कोणाचा, कोणत्या मितीला आला, कोणाच्या हस्ते आला, याची नोंद वहीत नसेल तर तो माल बेवारशी ठरतो. आणि बेवारशी मालावर उद्या कोणीही हक्क सांगू शकतो. ग्रंथांचेही तसेच आहे. तुकोबारायांची पालखी दर आषाढीला बारामती-इंदापूरवरून पंढरीस जाते. वाण्याच्या घरात जन्मलेल्या या संताच्या हयातीतच सालोमालो नावाचा कोणी त्यांचे अभंग आपली नाममुद्रा घालून खपवू लागला, आणि तुकोबांना त्याची तक्रार अभंगांतूनच करावी लागली. बारामतीत आयुष्य घालविलेले मोरोपंत (१७२९-१७९४) यांच्या बाबतीत असा प्रश्न आला नाही. त्यांचा काळ जवळचा, आश्रयदाते बाबूजी नाईक सर्वश्रुत, आणि पंतांचे घराणेही परिचित.

पण काळ हजार-दीड हजार वर्षांनी मागे गेला आणि पोथीवर कर्त्याचे नावच नसले, तर मालकी ठरवावी कशी? संस्कृत नाटककार भास याच्या नाटकांवरून हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे विद्वानांत गाजत आहे. त्या वादातील महत्त्वाच्या साक्षीदारांत जैन आचार्य आहेत, ही गोष्ट मात्र आपल्या घरांत क्वचितच बोलली जाते.

नाव होते, नाटके नव्हती

भासाचे नाव जुन्या काळी मोठे होते. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभी कालिदासाने आपल्यापूर्वीच्या कीर्तिमंत नाटककारांत त्याचा आदराने उल्लेख केला. सातव्या शतकात बाणाने त्याची नाटके सूत्रधारापासून सुरू होतात, असे म्हटले. आठव्या शतकातील ‘गउडवहो’ या प्राकृत काव्यात वाक्पतीने त्याला अग्नीचा मित्र म्हटले. पुढे राजशेखराने सांगितले, की टीकाकारांनी भासाची नाटके परीक्षेसाठी अग्नीत टाकली, तेव्हा ‘स्वप्नवासवदत्त’ जळाले नाही. एवढी कीर्ती असूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भासाचे एकही नाटक अभ्यासकांच्या हाती नव्हते.

१९०९-१०च्या सुमारास त्रावणकोर संस्थानातील पंडित टी. गणपतिशास्त्री यांना पद्मनाभपुरमजवळच्या एका मठात मल्याळम लिपीतील ताडपत्रांची पोथी मिळाली. तिच्यात दहा नाटके आणि अकराव्याचा प्रारंभ होता. आणखी शोध घेता एकूण तेरा नाटके झाली आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रमच्या ग्रंथमालेत छापून आली. त्यांत ‘स्वप्नवासवदत्त’ होते, ‘प्रतिमा’ होते, ‘ऊरुभंग’ होते. साऱ्या विद्वज्जगतात आनंद झाला. अडचण एकच होती. या नाटकांच्या आरंभी कवीचे नाव नव्हते. इतर संस्कृत नाटकांत सूत्रधार कवीची ओळख करून देतो. येथे तो तसे काही न सांगता थेट कथेकडे वळतो.

इंग्लंडातील शेक्सपिअरविषयीही कर्तृत्वाचा वाद आहे, पण त्याची जात निराळी. शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याच्या दोन सहकारी नटांनी १६२३ साली त्याच्या नावानेच नाटकांचा संग्रह छापविला. पुढे कोणी बेकनचे, कोणी ऑक्सफर्डच्या उमरावाचे नाव पुढे केले, तरी तेथे ग्रंथावर नाव आहे आणि शंका माणसाविषयी आहे. भासाच्या बाबतीत नाव आहे, ग्रंथ आहेत. त्यांना जोडणारा कागद तेवढा हरवला आहे.

मराठी विद्वानांचे मतभेद

गणपतिशास्त्र्यांचे म्हणणे असे, की तेराही नाटकांची घडण एकसारखी आहे, तीच वाक्ये पुनःपुन्हा येतात, आरंभ बाणाने सांगितल्याप्रमाणे सूत्रधारापासून होतो. म्हणून कर्ता एक आणि तो भास. या मतावर महाराष्ट्रात कसून चर्चा झाली. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात १९१६ साली रंगाचार्य रड्डी यांनी आणि १९२० साली पांडुरंग वामन काणे यांनी भासकर्तृत्वाविषयी शंका घेतली. पुण्याचे चिं. रा. देवधर यांनीही नाटकांच्या अस्सलपणाची चिकित्सा केली. अ. द. पुसाळकरांनी मात्र १९४० साली मोठा ग्रंथ लिहून भासाची बाजू मांडली. पुढे भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक झालेले वि. सी. सुखटणकर यांनी घाईने निर्णय न देता भाषा, प्राकृत रूपे आणि पाठ यांची एकेक तपासणी केली.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता. केरळातील चाक्यार हे परंपरागत नट जुन्या नाटकांतून आपल्या प्रयोगाला सोयीचे अंक निवडत आणि पाठात फेरबदल करीत. सूत्रधारापासून आरंभ ही भासाची एकट्याची खूण नसून दक्षिणेकडील पोथ्यांची रीत असावी. मग ही नाटके मूळ भासाची, की नटांनी तयार केलेल्या रंगावृत्ती?

आचार्यांची साक्ष

येथे बाराव्या शतकातील ‘नाट्यदर्पण’ पुढे येतो. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी हा नाट्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला. रामचंद्रसूरी स्वतः नाटककार होते. ‘नलविलास’ आणि ‘सत्यहरिश्चंद्र’ ही त्यांची नाटके. परक्याच्या काव्यावर कवी म्हणून मिरविणे हा त्यांना कवित्व नसण्याहूनही मोठा कलंक वाटे. अशा काटेकोर लेखकाने नोंद केली आहे, की ‘स्वप्नवासवदत्त’ भासाने रचले. एवढेच नव्हे, तर त्यातील एक श्लोकही दिला आहे. वत्सराज शेफालिकेजवळची शिळा पाहतो. फुले तुडविलेली आहेत, शिळा अजून उबदार आहे. तेव्हा येथे कोणी बसले होते आणि मला पाहून लगबगीने उठून गेले, असे तो ताडतो.

हा श्लोक त्रिवेंद्रमच्या छापील नाटकात नाही. पण त्या नाटकाच्या चौथ्या अंकात वासवदत्ता आणि पद्मावती शेफालिकेजवळ असतात आणि राजा येताच लतामंडपात आडोशाला जातात. म्हणजे श्लोक गळाला, त्याची जागा मात्र तशीच राहिली. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी ही साक्ष उजेडात आणली, आणि १९२९ साली बडोद्याहून ‘नाट्यदर्पण’ छापला गेला. तिच्यावरून दोन गोष्टी एकदम दिसतात. हे नाटक भासाच्या नाटकाशी जोडलेले आहे, आणि त्याचा आज मिळणारा पाठ पूर्ण नाही. दोन्ही पक्षांना आचार्यांनी थोडे थोडे दिले.

दुसरी साक्ष सोमदेवसूरींची. शके ८८१, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘यशस्तिलकचंपू’त त्यांनी महाकवी भासाचा म्हणून एक श्लोक दिला. तोच श्लोक पल्लवराजा महेंद्रवर्म्याच्या ‘मत्तविलास’ या प्रहसनात सापडला. जैन आचार्याचे वचन म्हणून ही साक्ष डोळे मिटून स्वीकारणे योग्य नाही आणि टाकून देणेही योग्य नाही. तीन-साडेतीन शतकांत एका कवीचा श्लोक दुसऱ्याच्या नावावर कसा जातो, याचेच ते उदाहरण असू शकते. अनेकान्ताचा संस्कार असलेल्याला हे जड जाऊ नये. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या पुराव्यापुरते विधान खरे आहे, हे पाहूनच ते करावे. त्या दृष्टीने ‘स्वप्नवासवदत्ता’चे भासाशी असलेले नाते सर्वांत बळकट दिसते, उरलेल्या बारा नाटकांचे खाते एकेक करून तपासावे लागते.

ठेवीची गोष्ट

या तेरांपैकी ‘चारुदत्त’ चार अंकांचे आहे. शूद्रकाचे दहा अंकी ‘मृच्छकटिक’ त्यावरूनच वाढविलेले, असे अनेक अभ्यासक मानतात. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे ही कथा मराठी रसिकांच्या घरची झाली. गंमत अशी, की मूळ ‘मृच्छकटिका’च्या प्रस्तावनेत शूद्रक शंभर वर्षे दहा दिवस जगून अग्निप्रवेश करता झाला, असे लिहिले आहे. स्वतःच्या मृत्यूची नोंद कोणता लेखक करील? तेव्हा तेथेही दुसरा हात लागला आहे.

त्या कथेचा गाभा व्यापाऱ्याला पटकन कळतो. श्रेष्ठींच्या वस्तीत राहणारा, सार्थवाहाच्या कुळातला चारुदत्त निर्धन झालेला असतो. वसंतसेनेने त्याच्याकडे ठेवलेले दागिने चोरीस जातात. चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवील, ठेव बुडविली असेच लोक म्हणतील, ही त्याची व्यथा. तेव्हा पत्नी आपली रत्नमाला काढून देते. ठेव ज्याची त्याला पोचली पाहिजे, हा त्या घराचा धर्म.

ग्रंथही ठेवच आहेत. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. जुन्या जैन पोथ्यांच्या शेवटच्या पानावर पुष्पिका असते. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणत्या श्रेष्ठीने, कोणत्या मुनींच्या उपदेशाने, ज्ञानावरणी कर्माच्या क्षयासाठी ही प्रत लिहवून घेतली, हे तीत सांगितलेले असते. त्या दोन-चार ओळींवरून संशोधक ग्रंथाचा काळ, प्रदेश आणि कर्ता ठरवितात. अशी एक ओळ त्रावणकोरच्या ताडपत्रावर असती, तर शंभर वर्षांचा वाद उभाच राहिला नसता.

म्हणून श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला पोथ्यांना वासक्षेप-अक्षता वाहतानाच एक काम अवश्य करावे. माळ्यावरच्या, पेटीतल्या जुन्या पोथ्या उघडून पाहाव्यात. जीर्ण झाली म्हणून पोथी नदीत सोडू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. सुती बासनात बांधून कोरड्या जागी ठेवावे. शेवटचे पान सुटे पडले असेल तर ते आधी सांभाळावे आणि त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. पोथी कोणाकडून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. लिपी वाचता येत नसेल तर पुण्याची भांडारकर संस्था फार दूर नाही. तेथील हस्तलिखितांच्या मोठ्या संग्रहात जैन ग्रंथ विपुल आहेत.

वहीत नाव नसेल तर माल बेवारशी. आपल्या घरातील एखाद्या पोथीत कोणा विसरलेल्या कवीचे नाव अजून शाबूत असेल. ते पुढच्या पिढीच्या हाती देणे, ही ठेव परत करण्याची आपली पाळी आहे.