हुंड्यात दिलेला, पेशवाईनं गमावलेला... गड्ड्याला जाता-येता दिसणारा सोलापूरचा भुईकोट तुम्ही आतून पाहिलाय का?

सोलापूर : जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर लाखो पावलं पडतात. पाळणे, भाकरी-खर्डा, नंदीध्वज, शोभेचं दारूकाम... या सगळ्याच्या मागे काळ्या दगडाची जी लांबच लांब भिंत उभी असते, ती फोटोत येते आणि तिथेच राहते. घरी पाहुणे आले की सोलापूरकर त्यांना सिद्धेश्वराला नेतो, मग थेट तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरला. किल्ला मात्र ‘आपलाच आहे, बघू कधीतरी’ या खात्यात पडून असतो.

यामागे एक कारण असावं. महाराष्ट्रात किल्ला म्हटलं की डोंगर, बुरूज आणि शिवरायांची एखादी चित्तथरारक कथा डोळ्यापुढे येते. सोलापूरच्या किल्ल्याला डोंगरही नाही आणि तशी कथाही नाही. तो बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल, निजाम, पेशवे आणि शेवटी इंग्रज अशा हातांतून फिरला. पण त्याच्या नावावर जे जमा आहे, ते थोडंथोडकं नाही.

आधी हे समजून घ्या : भुईकोट म्हणजे काय?

सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला म्हणजे भुईकोट. डोंगराचा आधार नसल्यानं संरक्षण सगळं माणसानं उभं करायचं असतं. सोलापूरला ते दोन गोष्टींनी केलंय. एकीकडे सिद्धेश्वर तलावाचं पाणी, उरलेल्या बाजूंना रुंद खंदक. आणि एकात एक अशा दोन तटबंद्या. बाहेरची भिंत फोडून शत्रू आत आला, तरी तो दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात अडकतो आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता येतो. तटाला तिरकस भोकं दिसतील, त्यांना जंग्या म्हणतात. आतल्या शिपायाला बाहेरचा माणूस दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना एका जंगीपाशी उभं करून बाहेर बघायला सांगा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतं.

किल्ल्याची सुरुवात बहामनी काळातली, चौदाव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. आतली तटबंदी आणि मोठे बुरूज नंतर, तोफांच्या काळात भक्कम केलेले.

लग्नात कबूल केलेला किल्ला

१५२४ मध्ये सोलापुरात अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह आणि विजापूरचा इस्माईल आदिलशाह यांची भेट झाली. आदिलशाहाची बहीण मरियम निजामशाहाला दिली. सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे हुंड्यात कबूल केले होते, असं नगरकरांचं म्हणणं. विजापूरकर म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं. देण्याघेण्यावरून लग्नानंतर बिनसलेली घरं आपण पाहिली आहेत; इथे दोन्ही घरांकडे तोफखाना होता. लढाया सुरू झाल्या त्या थेट पुढच्या पिढीपर्यंत.

मधल्या काळात निजामशाहानं किल्ला जिंकलाही, तो विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून. मग पारडं फिरलं. हुसेन निजामशाहानं आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. ज्या किल्ल्यासाठी चाळीस वर्षं रक्त सांडलं, तो पुन्हा हुंड्यातच गेला. या सोयरिकीतून दख्खनच्या सुलतानांची एकजूट झाली आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत त्याच रामरायाचा अंत झाला.

ती नवरी म्हणजे चांदबिबी. पुढे १५९५-९६ मध्ये मुघलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणारी. तिची ओळख नगरशी आणि विजापूरशी जोडली जाते. सोलापूरचा किल्ला तिच्या लग्नात गेला होता, हे सोलापुरातही फार कुणाला ठाऊक नसतं.

विजापूरकरांकडून हा किल्ला १६६८ च्या तहात औरंगजेबाकडे गेला. विजापूर बुडवायला निघालेल्या औरंगजेबाची छावणी १६८५ मध्ये सोलापुरातच पडली होती.

मे १८१८ : पाच दिवसांत काय घडलं?

पेशवाईचा शेवट म्हटलं की खडकी आणि कोरेगाव आठवतं. फार तर आष्टी, जिथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले. तीही आपल्या जिल्ह्यातलीच. पण त्यानंतरही पेशव्यांचं पायदळ आणि तोफखाना शिल्लक होता आणि तो होता सोलापुरात.

पळापळीत घोडदळाबरोबर जड तोफा ओढता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या बाजीरावानं गणपतराव पानसे यांच्या हाताखाली ही फौज सोलापूरच्या किल्ल्याच्या आश्रयाला ठेवली. दक्षिणेकडून धारवाड, बदामी, बेळगाव घेत जनरल थॉमस मन्रो वर सरकत होता. ९ मेला तो सोलापूरपुढे आला. १० मेच्या सकाळी इंग्रजी फौजेनं तटाला शिड्या लावून पेठ घेतली. पानसे यांच्या फौजेनं किल्ल्याबाहेर झुंज दिली, ती मोडली. त्याच संध्याकाळी पायदळ माघारी निघालं आणि इंग्रजी घोडदळानं सीना नदीपर्यंत त्याचा पाठलाग केला. नुकसान मोठं झालं. किल्ल्यातली शिबंदी आणखी काही दिवस टिकली. मग तोफांनी तट फोडला आणि १५ मेला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पाठीशी पायदळ नाही, तोफा नाहीत, आश्रयाला किल्ला नाही. त्या शरणागतीचं गणित सोलापुरात बरंचसं सुटलं होतं.

हाच मन्रो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. चेन्नईत सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ त्याचा रिकीब नसलेल्या घोड्यावरचा पुतळा आहे. तो पाहायला पर्यटक थांबतात. त्यानं जिंकलेला किल्ला मात्र आपल्याच शहरात अनोळखी!

पुढे किल्ल्याचं महत्त्व का संपलं?

राज्य स्थिरावलं आणि तटबंदीची गरज उरली नाही. पेठेभोवतीचा तट वाढत्या वस्तीसाठी पाडला गेला. १८६० च्या सुमारास रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि शहराचं बळ बुरुजांकडून भोंग्याकडे गेलं. किल्ला वाचला तो बहुधा खंदकामुळे आणि तलावामुळे. त्याच्या अंगावर घरं चढवायला जागाच नव्हती.

आणखी एक मे महिना सोलापूरच्या इतिहासात आहे. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी शहरात गोळीबार झाला, शंकर शिवदारे हे तरुण धारातीर्थी पडले. त्यानंतरचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल नावालाही उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. १८१८ मध्ये पाच दिवसांत घेतलेलं शहर ११२ वर्षांनी पुन्हा ताब्यात घ्यायला इंग्रजांना लष्कर आणावं लागलं. किल्ला पाहून झाला की चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपर्यंत जा. एकाच फेरीत इंग्रजी राजवटीची सुरुवातही दिसते आणि तिचा धाक संपला तो क्षणही.

आत गेल्यावर काय बघाल?

दरवाजे सरळ रेषेत नाहीत, वळणं घेत आत जावं लागतं. हत्तीनं धडक मारायला सरळ धाव मिळू नये, हा त्यामागचा हिशेब. आत बत्तीस खांबी वास्तू आणि जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. तटाच्या चिऱ्यांकडे नीट पाहिलं तर कोरीव दगड सापडतात, मंदिरांचे. यावर आवाज चढवणारे दोन्ही बाजूंना भेटतील. दगड मात्र आधी वाचायला हवेत. सोलापूर परिसरातले असे कोरीव लेख वीज मंडळातली नोकरी सांभाळून गावोगाव फिरत आनंद कुंभार यांनी वाचले. त्यात कानडी लेखांचा भरणा मोठा. इथल्या बोलीत आजही कानडी का डोकावते, याचं उत्तर त्या दगडांत आहे.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवर नाव कोरणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे बरोबरच्या तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी काळा दगड भाजून निघतो, त्यामुळे सकाळचीच वेळ बरी. वेळ आणि तिकिटाची चौकशी निघण्याआधी करून घ्या. पाण्याची बाटली सोबत असू द्या.

आणि संग्रहालय?

किल्ल्यापासून रिक्षानं थोड्या अंतरावर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जन्मघर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलं आहे. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले हे एक. बाकीचे परतले. कोटणीस तिथेच राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, परिचारिका असलेल्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनमधल्या शिजियाझुआंग इथे त्यांची समाधी आणि पुतळा आहे. तिकडचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत. सोलापूरचं घर जुन्या बांधणीचं, खोल्या लहान, मांडणी छायाचित्रांची. पाऊण तासात पाहून होतं. किल्ल्याला दीड-दोन तास धरले, तर रविवारी सकाळी आठला निघालेलं कुटुंब जेवायच्या वेळेला घरी असतं.