हळदीकुंकवाचा मान समस्त स्त्रियांचा

॥ श्री ॥



मकर संक्रांत ते रथसप्तमी या पर्वकाळात आपल्या नंदेसरी येथील मंदिरात होणाऱ्या हळदीकुंकू समारंभाचे निमंत्रण यंदा ‘समस्त महिला वर्गास’ असे देण्यात येत आहे. पूर्वी त्या जागी ‘सुवासिनींस’ असा शब्द असे. या बदलाविषयी अनेकांनी पृच्छा केली, काही ज्येष्ठ मंडळींनी शंकाही व्यक्त केली. त्या सर्वांचा आदर राखून विश्वस्त मंडळाची भूमिका येथे मांडीत आहोत.

हळदीकुंकू हा देवीच्या पूजेचा उपचार आहे. हळद, कुंकू व फुले प्रथम देवीचरणी अर्पण होतात आणि नंतर आलेल्या स्त्रीस देवीस्वरूप मानून तिला दिली जातात. म्हणजेच मंदिरातील कुंकू हा प्रसाद आहे, आणि प्रसाद कोणास नाकारू नये हा आपला कुळाचार आहे. दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायातील देवीस्तुतीत जगातील सर्व स्त्रिया ही देवीचीच रूपे मानली आहेत. तेथे सौभाग्यवती, कुमारिका अथवा विधवा असा भेद नाही. दशमहाविद्यांपैकी धूमावती देवीचे तर रूपच विधवेचे आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. मंगळसूत्र व जोडवी ही लेणी विवाहाने येतात. परंतु कुंकू आणि बांगड्या ही मुलीची बाळलेणी आहेत. आईने लेकीच्या कपाळी लावलेले कुंकू पतीच्या निधनानंतर कोणी का पुसावे?

ज्येष्ठ मंडळींची शंका अशी की, यामुळे परंपरा मोडेल. या संदर्भात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण व्हावे. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडल्यानंतर अहिल्यादेवींनी पुढे राज्य सांभाळले, काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले आणि आपल्या गुजरातेत सोमनाथ येथेही सन १७८३ मध्ये मंदिर बांधले. ज्या हातांनी ज्योतिर्लिंगांची मंदिरे उभी केली, ते हात अशुभ कसे म्हणावेत?

आपल्या बडोद्याचा वारसाही हेच सांगतो. महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या नावे सन १९१४ मध्ये येथे स्त्री उद्योगालय सुरू झाले, आणि सन १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. स्त्रीने स्वतःची किंमत स्वतः ओळखावी, हा विचार या भूमीस नवा नाही.

अलीकडील उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) या गावाचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षी, मे २०२२ मध्ये, तेथील ग्रामपंचायतीने पतीनिधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. एका लहान गावाने जे केले, ते देवीच्या दारी होऊ नये असे कोण म्हणेल?

यामुळे सुवासिनींचा मान तिळमात्रही कमी होत नाही. दिव्याने दिवा लावल्यास पहिल्याचा प्रकाश घटत नाही. मात्र सक्ती कोणावरही नाही. ज्या भगिनींस कुंकू लावून घेण्यास संकोच वाटेल, त्यांना देवीचे फूल व तिळगूळ देण्यात येईल. वाण सर्वांस सारखेच मिळेल. उखाणा घेताना पतीचे नाव घ्यावे, देवीचे घ्यावे अथवा स्वतःचे घ्यावे, ही ज्याची त्याची इच्छा.

आमच्या माताभगिनींस एक विनंती आहे. घरासाठी नवस बोलताना, मुलांसाठी उपवास धरताना आपण स्वतःसाठी देवीकडे क्वचितच काही मागता. आपल्या देहात आणि मनात वसणाऱ्या चैतन्याचा आदर करणे हा अहंकार नव्हे. तीही उपासनाच आहे. यंदा देवीपुढे उभे राहून प्रथम आपल्याच कपाळी कुंकू अथवा गंध लावावे, स्वतःच्या आरोग्यासाठी व समाधानासाठी दोन शब्द मागावेत, आणि मग शेजारणीस लावावे.

समारंभ संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सायंकाळी ५ ते ८ या वेळेत मंदिराच्या सभामंडपात होईल. औद्योगिक वसाहतीत कामास जाणाऱ्या भगिनींनाही येता यावे म्हणून वेळ सायंकाळची ठेविली आहे. गुजराती भाषक भगिनींसही आग्रहाचे निमंत्रण आहे. आपल्या घरात, शेजारी अथवा नात्यात जी माउली अशा प्रसंगी दाराआड थांबते, तिचा हात धरून तिला सोबत आणावे, हीच नम्र प्रार्थना.

देवी सर्वांचे कल्याण करो.

आपले विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता