५१२ फ्लॉपी ड्राइव्हचं वाद्य

नव्वदच्या दशकात डीटीपीच्या दुकानात बसून ज्यांनी लग्नपत्रिकेच्या प्रूफची वाट पाहिली आहे, त्यांना फ्लॉपी ड्राइव्हचा आवाज वेगळा सांगायला नको. फ्लॉपी आत सरकवली की खर्र, मग खट्‌खट्, पुन्हा खर्र. पोलंडमधल्या पावेल झाद्रोझ्न्याक या अभियंत्याने त्या खरखरीतून सूर काढले. २०११ साली त्याने दोन जुन्या ड्राइव्हवर ‘स्टार वॉर्स’मधला जॉन विल्यम्सचा ‘इम्पीरियल मार्च’ वाजवला आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीने जपानमधली साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री थांबवली. फ्लॉपीचं मूळ काम संपत आलं असताना तिच्या ड्राइव्हला नवं काम मिळालं होतं.

हे घडतं कसं? ड्राइव्हमधलं वाचणारं-लिहिणारं हेड एक छोटी स्टेपर मोटर पुढे-मागे नेते. विजेच्या एका ठोक्याला ही मोटर एकच पाऊल टाकते. फ्लॉपीवर ८० ट्रॅक असतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर जेमतेम दीड सेंटीमीटर. प्रत्येक पावलाला हेडला हिसका बसतो, ड्राइव्हचा पत्रा थरथरतो. सेकंदाला २२० पावलं टाकायला लावली की २२० हर्ट्‌झचा स्वर मिळतो, ११० टाकायला लावली की तोच स्वर खालच्या सप्तकात. पण २२०च्या गतीने हेड सेकंदाच्या साधारण एक तृतीयांशात टोकाला पोचतं, म्हणून स्वर लांबवायचा तर त्याला सतत दिशा बदलून उलट पाठवावं लागतं. वरच्या स्वरांनाही मर्यादा आहे. फार घाई केली की मोटरची पावलं चुकतात आणि सूर हातातून जातो.

इथवर ही करामत अनेकांना जमली. झाद्रोझ्न्याकचं खरं काम मला त्यापुढे दिसतं. मोटर एक तर चालते, नाही तर थांबते. तिला हळू किंवा मोठ्याने वाजणं ठाऊक नाही. स्वर सुरू होतो आणि खाडकन तुटतो. ज्याला आस नाही अशा स्वरात गाणं कसं फुलणार? २०१६च्या ‘फ्लॉपोट्रॉन’ या आपल्या वाद्यात त्याने ६४ ड्राइव्ह आठ-आठच्या रांगांत रचले आणि प्रत्येक रांगेला एक नियंत्रक दिला. स्वर लागताना रांगेतले आठही ड्राइव्ह एकदम वाजतात, मग एकेक गप्प होत जातो. कानाला वाटतं, सतारीची तार छेडली आणि तिचा नाद हळूहळू विरला. नाद कमी-जास्त करण्याचं काम त्याने मोजणीवर सोपवलं. मला हा उपाय फार देखणा वाटतो.

त्याच संचात ८ हार्डडिस्क होत्या, तालासाठी. हार्डडिस्कचं हेड ज्या दांडीवर असतं, तिला चुंबकांमध्ये बसवलेलं तारेचं वेटोळं हलवतं. स्पीकरचा पडदा हलतो तोही याच तत्त्वाने. विजेचा छोटासा झटका दिला की दांडी अडणीवर आपटते आणि कोरडा, खणखणीत ठोका निघतो. जोडीला दोन स्कॅनर. त्यांच्या हेडला धावायला कागदभर जागा असते, त्यामुळे लांब स्वर तिथे निवांत चालतात.

२०२२मध्ये फ्लॉपोट्रॉनची तिसरी आवृत्ती आली: ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह, १६ हार्डडिस्क, ४ स्कॅनर. आकडा छाती दडपवणारा आहे खरा, पण त्यामागची गरज तीच: जितके ड्राइव्ह जास्त, तितक्या नादाच्या पायऱ्या बारीक.

या वाटेवर तो एकटा नव्हता. २००८मध्ये ग्लासगोच्या कलाशाळेतल्या जेम्स ह्यूस्टनने झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक, एप्सनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, स्कॅनर आणि हार्डडिस्क घेऊन रेडिओहेड या बँडचं ‘न्यूड’ हे गाणं वाजवलं होतं. त्याची यंत्रं धापा टाकत, अडखळत गातात आणि त्यात एक कारुण्य आहे. झाद्रोझ्न्याकचा कल शिस्तीकडे. मन ह्यूस्टनकडे ओढ घेतं, पण वाद्य म्हणून मी फ्लॉपोट्रॉनलाच मान देईन.

आणि हे घरी करून पाहता येतं. भंगारातला चालू ड्राइव्ह, ५ व्होल्टचा पुरवठा आणि ठोके पाठवायला आर्डुइनो हा छोटा नियंत्रक एवढंच लागतं. ड्राइव्हच्या मागच्या ३४ पिनांपैकी विषम क्रमांकाच्या बहुतेक पिना ग्राउंड असतात. बारावी ग्राउंडला जोडली की साधारणपणे ड्राइव्ह जागा होतो, अठरावी दिशा ठरवते आणि विसावीवर ठोके द्यायचे. सेकंदाला किती ठोके, त्यावर तुमचा षड्ज ठरेल.